मधल्या पानांची हुग्गी

"वारा पट्ट्यापट्ट्यांनी आत शिरतो का, सर?"

अप्पांनी हातातलं वांगं पाटीत ठेवलं.

"कुठला वारा?"

"गार. भट्टीचं दार उघडल्यावर येतो तो."

"तू पाहिलास शिरताना?"

"कॉम्प्युटरवर पाहिला."

"बरं," अप्पा म्हणाले, आणि वांगं परत उचललं.

हे बोलणं मठाच्या स्वयंपाकघरामागं, पडवीत चाललं होतं. मी शेजारीच विळीवर बसलो होतो, म्हणून सांगू शकतो. मी एस.टी.त एकतीस वर्षं कंडक्टर होतो. रिटायर झाल्यापासून दर अमावास्येला इथं भाजी चिरायला येतो. गडहिंग्लजच्या अलीकडं, हिरण्यकेशीच्या काठाला हा मठ आहे. अमावास्येला येईल त्याला जेवण असतं. जात, गाव कुणी विचारत नाही.

अप्पा म्हणजे सिद्रामप्पा हत्तरकी. इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचे. लोखंड तापलं की काय करतं, या एका प्रश्नावर या माणसानं उभा जन्म घातला. आता मठाच्या चुली सांभाळतात. मी एकदा विचारलं, एवढं शिकून चूल कशाला? तर म्हणाले, विषय तोच आहे.

आणि तो पोरगा म्हणजे सौमित्र मगदूम, त्यांचा शेवटच्या वर्षांतला विद्यार्थी. कॉलेजात पहिला आलेला. हे त्यानंच मला पाच मिनिटांत सांगितलं, मी विचारलं नव्हतं.

त्यानं मांडीवर लॅपटॉप उघडला आणि अप्पांकडं वळवला. पडद्यावर दारासारखी एक चौकट होती. तिच्या कडेनं लाल, निळा, लाल, निळा, असे पट्टेच पट्टे.

"चादरीचं डिझाइन आहे होय?" मी म्हणालो.

त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"आमच्या कारखान्यातल्या भट्टीच्या तोंडाची चौकट आहे, सर. बिडाची. नवी बसवून पाच महिने झाले नाहीत तर तडा गेला. ऑपरेटरनं वेळेआधी दार उघडलं, गार हवा तापलेल्या बिडावर आदळली. मी गणित केलं. लाल आहे तिथं ताण मर्यादेच्या तिप्पट."

"मग झालं की."

"झालंच आहे. उद्या अकराला चौकशी आहे. अहवाल तयार आहे. फक्त मॅनेजर म्हणाले, खाली एखाद्या जाणत्या माणसाची सही असली तर बरं."

"म्हणून आलास."

"हो."

"मग वाऱ्याचं का विचारलंस?"

सौमित्र लॅपटॉपच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला...

"चार दिवस डोक्यातून जात नाही, सर. हवा आली तर सगळीकडं सारखी लागेल ना. असे मोजून पट्टे का?"

खरं सांगतो, तोवर मला तो पोरगा आवडला नव्हता. या वाक्याला जरा आवडला. हवं ते उत्तर हातात असताना कोण उगाच खाजवत बसतं?

"ऑपरेटर कोण?" अप्पांनी विचारलं.

"दस्तगीर नदाफ म्हणून कुणीतरी आहे. बावीस वर्षं त्याच भट्टीवर. सध्या घरी बसवलाय. उद्या काढून टाकतील."

माझा हात विळीवरच थांबला.

कारण दस्तगीर तिथून वीस पावलांवर होता. परसातल्या मोठ्या चुलीपाशी, आमच्याकडं पाठ करून, लांब दांड्याच्या पळीनं कढई ढवळत होता. घरी बसवल्यापासून रोज येतो, हे सकाळी त्यानंच मला सांगितलं. बायकोला सांगतो कामाला चाललो, आणि इथं येऊन आग सांभाळतो. घरात ठाऊक नाही. पोरीचं लग्न ठरलंय, म्हणून सांगत नाही.

मी तोंड उघडणार, एवढ्यात अप्पांनी माझ्याकडं पाहिलं.

मी वांगं चिरलं.

"गणित कसं केलंस?" अप्पा म्हणाले.

"नेहमीसारखं. आधी उष्णतेचं, मग ताणाचं."

"मला नको सांगू. या कंडक्टरना सांग. त्यांना कळलं तर मला कळलं."

सौमित्रनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू सुट्टे नसताना कुणी पाचशेची नोट पुढं केली. पण सांगितलं बिचाऱ्यानं. मला जे कळलं ते असं. अख्ख्या चौकटीचं गणित एकदम होत नाही. म्हणून कॉम्प्युटरवर तिचे विटांसारखे बारीक तुकडे पाडायचे. पहिल्या गणितात प्रत्येक विटेला विचारायचं, बाई, तू किती तापलीस? दुसऱ्या गणितात विचारायचं, एवढी तापलीस तर तुझी ओढाताण किती? एकाचं उत्तर दुसऱ्याला द्यायचं. या विटेला ते एलिमेंट म्हणतात, आणि तिच्या जाती असतात. कुठल्या कामाला कुठली जात, हे माणसानं ठरवायचं.

"पहिल्या गणितात कुठली घेतलीस?" अप्पा म्हणाले.

"आठ बिंदूंची. विटेला कोपरे आठ, प्रत्येक कोपऱ्यावर एक बिंदू. जे काही विचारायचं ते बिंदूंनाच."

"आणि दुसऱ्यात?"

"वीस बिंदूंची." इथं त्याची मान जरा ताठ झाली. "आठ कोपरे, आणि बारा कडांच्या मधोमध एकेक. ताणासाठी जास्त अचूक. आमच्याकडं सगळे साधी वापरतात. मी उत्तमच वापरतो."

"म्हणजे आधी आठ सीटची गाडी, मग वीस सीटची," मी म्हणालो.

"तसंच काहीतरी, मामा," तो म्हणाला, आणि लहान मुलाला हसतात तसा हसला.

"पहिल्या गाडीतला निरोप दुसरीत कसा जातो?" अप्पांनी विचारलं.

"नंबरावरून. प्रत्येक बिंदूला नंबर असतो. त्या नंबराचं तापमान त्या नंबराला. आपोआप जातं."

"गेलं?"

"गेलं. काही चुकलं असतं तर प्रोग्रॅम थांबला असता."

"थांबला नाही. पण काही बोलला?"

"इशारे येतातच, सर. किरकोळ असतात. दोन हजारांवर होते, पडदा भरून जायचा. म्हणून बंद केले."

"काय म्हणत होते?"

सौमित्रनं पडदा जरा आपल्याकडं वळवला.

"काय म्हणत होते, सौमित्र?"

"वाचले नाहीत."

अप्पांनी वांग्याचं देठ काढून बाजूला ठेवलं. मला वाटलं आता याला चांगलं फैलावर घेतील. एवढ्यात आत पंगतीची घंटा झाली, आणि अप्पा गुडघ्यावर हात टेकून उठले.

"चल. हुग्गी वाढायला माणूस कमी आहे."

हुग्गी म्हणजे गव्हाची खीर, गुळाची. आमच्याकडं अमावास्येला तीच असते, आणि कढत कढत वाढतात.

"सर, माझं ते पट्ट्यांचं..."

"बादली धर."

सभामंडपात लाकडी खांबांच्या रांगा आहेत. बसायची रीत अशी, की प्रत्येक खांबापाशी एक पान आणि दोन खांबांच्या मध्ये एक पान. रीत कुणी घातली ठाऊक नाही. जागा तेवढीच आहे म्हणून असेल. पन्नासएक माणसं बसली होती. दस्तगीर हात धुऊन आत आला आणि तिसऱ्या-चौथ्या खांबांच्या मध्ये, रिकामं पान होतं तिथं बसला.

अप्पा दारातच थांबले.

"खांबापाशी बसलेत ना, त्यांना वाढ," ते म्हणाले. "मधल्यांना नको."

"का?"

"वाढ तू."

मला हे मुळीच पटलं नाही. या मठात भुकेल्याचं पान रिकामं ठेवल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. मी पुढं होणार, तर अप्पांनी माझ्या दंडाला धरलं. म्हाताऱ्याच्या हातात अजून जोर आहे.

सौमित्र निघाला. पहिल्या खांबाला एक पळी. मधलं पान ओलांडलं. दुसऱ्या खांबाला एक पळी.

दर अमावास्येला येणारी म्हातारी गंगव्वा मध्ये बसली होती. तिनं पान जरा पुढं सरकवलं.

"बाळा, माझं पान दिसंना व्हय तुला?"

"अप्पांनी सांगितलंय, आजी. खांबापाशी."

"अप्पांनी माझं नाव घेतलं न्हाई, म्हणून मी आल्येच न्हाई व्हय?"

पोरगा कानापर्यंत लाल झाला. पण शिकवल्याप्रमाणं वागणारा, पहिला नंबरवाला. पुढं गेला. तिसऱ्या खांबाला वाढलं, दस्तगीरचं पान ओलांडलं. बादलीला वाट मिळावी म्हणून दस्तगीरनं गुडघा आत घेतला.

शेवटच्या खांबाला वाढून सौमित्र परत आला. बादली खाली आदळली.

"झालं, सर."

"सगळ्यांना वाढलंस?"

"तुम्ही सांगितलं त्यांना."

"आणि मधल्यांच्या पानात काय आहे?"

"काही नाही."

"पान तर आहे. जा, हात लावून बघ."

त्याला चीड आली होती, दिसत होतं. तरी वाकला आणि गंगव्वाच्या पानाला बोटं लावली.

"गार आहे."

"किती?"

"किती म्हणजे... मंडपात हवा आहे तेवढं. तीस असेल."

"कुणी दिलं त्याला तीस?"

"कुणी नाही. त्याला काही मिळालंच नाही, म्हणून जे आधीपासून होतं तेच..."

तो वाकलेलाच राहिला.

मग हळूहळू उभा राहिला आणि रांगेकडं पाहिलं. मीही पाहिलं. खांबापाशी वाफ. मध्ये नाही. खांबापाशी वाफ. मध्ये नाही. मंडपाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मोजून.

आणि एक गोष्ट, जी मला तोवर दिसली नव्हती. ज्यांच्या पानात हुग्गी होती तेही हात मांडीवर ठेवून बसले होते. आमच्याकडं शेजारचं पान रिकामं असताना कुणी घास घेत नाही. वाढलेला अडला न वाढलेल्यापायी, आणि न वाढलेला बघत राहिला वाढलेल्याकडं. सगळ्या पंगतीलाच कसंतरी झालं होतं.

"सर," सौमित्र म्हणाला. आवाज पार बदलला होता. "मधल्या बिंदूंना..."

तो पडवीकडं पळायला वळला. अप्पांनी त्याची कॉलर धरली.

"आधी हुग्गी. गार होतेय."

त्यानं वाढली. पळत पळत वाढली, दोघांच्या धोतरावर सांडलीही. गंगव्वाला दोन पळ्या दिल्या. तीन आणि चारच्या मध्ये मात्र पान होतं, माणूस नव्हता. दुसऱ्या कढईतली हुग्गी तळाला लागल्याचा वास आला होता, म्हणून दस्तगीर उठून गेला होता.

प्रार्थना झाली. लोक जेवले. सौमित्र पडवीत बसून बंद केलेले इशारे उघडत होता.

"मामा, इकडं या," त्यानं मलाच बोलावलं. सांगायला कुणीतरी हवं होतं त्याला, आणि मी होतो. "हे बघा. दोन हजार एकशे सोळा इशारे. सगळ्यांत एकच वाक्य. या बिंदूला तापमान मिळालं नाही, सुरुवातीचं तापमान धरलं. या बिंदूला तापमान मिळालं नाही, सुरुवातीचं धरलं. पहिल्या गणितात फक्त कोपरे होते. मधले दुसऱ्या गणितात आले. त्यांचं तापमान कुणाकडं नव्हतंच. कोपरे सहाशे अंशांवर आणि मधला तीसवर. प्रत्येक विटेत."

"आणि वारा?"

"वारा नव्हता." तो हसला, पण हसू अर्ध्यातच राहिलं. "गार हवा मीच घातली."

"एकच गोष्ट दोन हजारदा सांगत होता बिचारा," मी म्हणालो. "प्रवासी एवढा ओरडला असता तर मी घंटी मारली असती."

त्यानं उष्णतेच्या गणितातही वीस बिंदूंची वीट घेतली. दोन्हीकडं सारख्या जागा. गणित पुन्हा लावलं. पाऊण तास लागेल म्हणाला. तेवढ्या वेळात त्यानं पत्रावळ्या उचलल्या, मंडप झाडला, तीनदा येऊन पडदा पाहिला. अप्पा भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते. झोपले होते की काय, मला आजवर कधी कळलेलं नाही.

गणित संपलं.

पट्टे गेले होते. जवळजवळ सगळी चौकट शांत निळी-हिरवी, ताण मर्यादेच्या कितीतरी आत. इतकी सोपी दिसत होती की मलाही बरं वाटलं.

"दार कितीही लवकर उघडलं असतं," सौमित्र पुटपुटला, "तरी यानं तडा जात नाही. मग गेला कशानं?"

पडद्यावर बोट फिरवत तो खाली आला. डावीकडं, अगदी तळाला, एक लाल ठिपका होता. बोल्ट बसतो तिथं. पट्ट्यांच्या गर्दीत आधी दिसला नव्हता.

त्यानं तो मोठा करून पाहिला. आणखी मोठा.

मग लॅपटॉप मिटला.

"उघड," अप्पा डोळे न उघडता म्हणाले.

सौमित्रचा हात झाकणावरच राहिला.

"उघड, सौमित्र. काय आहे तिथं?"

"खालचा डावा बोल्ट. तडा तिथूनच सुरू झाला असणार."

"जुन्या चौकटीला तिथं काय होतं?"

"लांबट भोक. बोट-दोन बोटं जागा होती. चौकट तापली की वाढते, तेव्हा बोल्टपासून सरकायला."

"नव्या चौकटीला?"

"गोल. घट्ट."

"कुणी केलं?"

परसात कुणीतरी कढई घासत होतं. राखेनं, गोल गोल.

"मी," सौमित्र म्हणाला. "चौकट खडखडते अशी तक्रार होती. चौकटीनं हलायला नको म्हणून घट्ट केली. ड्रॉइंगवर माझीच सही आहे."

अप्पांनी आता डोळे उघडले.

"खडखड कुणी ऐकली होती?"

"सुपरवायझरनं सांगितलं."

"आणि दार लवकर उघडलं हे?"

"तेही सुपरवायझरनंच."

"भट्टीपाशी दिवसभर कोण उभं असतं?"

"ऑपरेटर."

"त्याला काय विचारलंस?"

"त्याला कसं विचारणार, सर? त्यानंच तर..." वाक्य तिथंच अडलं.

"विचार मग."

"आज? घर कुठं आहे तेही ठाऊक नाही."

"मघाशी तीन आणि चारच्या मध्ये बसला होता," अप्पा म्हणाले. "आता कढई घासतोय."

त्या पोराचा चेहरा मी विसरणार नाही. त्याला मी दिवसभर चिडवलं, पण त्या घटकेला मला त्याची दया आली. तो परसात गेला. मीही गेलो, चौकस माणूस आहे मी, लपवत नाही.

"नदाफ?"

दस्तगीरनं मान वर केली. कोपरापर्यंत राख.

"दस्तगीर म्हणत्यात."

"मी मगदूम. डिझाइनमधला."

"बरं."

"चौकट फुटली त्या दिवशी... दार वेळेआधी उघडलं होतं का?"

"न्हाई. घड्याळ बघून उघडलं. तीन तास धा मिनटं. बावीस वर्सं तेच करतोय."

"मग काही वेगळं जाणवलं होतं?"

दस्तगीरनं त्याच्याकडं जरा निरखून पाहिलं. खरंच विचारतोय का, ते बघत असावा.

"जुनी चौकट तापली की खडखडायची. म्हंजे सरकायची, जागा करून घ्यायची. गार झाली की परत खडखडून बसायची. नवी आली ती गपच. भट्टी पेटल्यावर लोखंड गप बसलं की मला धास्ती वाटती. मग खालचा डावा बोल्ट कुरकुरायला लागला. बारीक. कान लावून ऐकावं लागतं."

"खालचा डावा," सौमित्र म्हणाला.

"व्हय."

"कुणाला सांगितलंत का?"

"तीनदा सांगितलं. सुपरवायझर म्हणला, इंजिनिअरनं कॉम्प्युटरवर बघितलंय, तुझं काय घेऊन बसलाईस."

"माझ्याकडं यायचं होतंत थेट."

"साहेब," दस्तगीर अगदी साधेपणानं म्हणाला, "तुम्ही दिसता कसं, तेच मला आज कळालं."

सौमित्र तिथंच दगडावर बसला. पांढरी पॅन्ट, राखेचा दगड. मी सांगणार होतो, पण राहू दिलं.

"मघाशी पंगतीत तुमचं पान मी ओलांडलं," थोड्या वेळानं तो म्हणाला.

"दुसऱ्या पंगतीला वाढा की."

पडवीत येऊन सौमित्रनं जुना अहवाल काढला. बारा पानं होती, ती पुसली. नवीन लिहायला बसला. बराच वेळ पडद्यावर एकच वाक्य होतं. मी चष्मा लावून वाचलं. 'खालच्या बोल्टचं लांबट भोक गोल करण्याचा निर्णय माझा होता, आणि तडा तिथून गेला.' दुसरं वाक्य लिहिलं, 'भट्टीचे ऑपरेटर दस्तगीर नदाफ यांनी याबद्दल तीन वेळा सूचना दिली होती.' मग पट्ट्यांची चूक लिहिली, कुठल्या गणितात कुठली वीट होती ते लिहिलं, दोन्ही चित्रं लावली. सगळं मिळून दीड पान झालं.

अप्पांसमोर ठेवलं. त्यांनी वाचलं. दोनदा वाचलं.

"सही?" सौमित्रनं विचारलं.

"तुझी करणार आहेस ना?"

"हो."

"मग पुरे."

"मॅनेजर म्हणाले होते, जाणत्या माणसाची..."

"मी ती भट्टी पाहिलेली नाही, बाळ. ज्यानं पाहिली त्याचं नाव आलंय त्यात."

दुसऱ्या पंगतीची घंटा झाली. या वेळी सौमित्रनं स्वतःहून बादली उचलली आणि एकही पान न चुकवता सगळा मंडप वाढला. त्याचं पान मी वाढलं. तो एका खांबाला पाठ टेकून ऐसपैस बसला. लॅपटॉपची बॅग शेजारी ठेवली, मधल्या पानाच्या जागेवर. नजर कुठंतरी भलतीकडंच होती. उद्याच्या अकराच्या चौकशीत पोचला असावा.

मंडप गच्च भरला होता. सगळ्यांत शेवटी दस्तगीर आला. हात पुसले, पत्रावळ घेतली आणि जागा कुठं दिसते का ते बघत उभा राहिला. कुणाला उठवायचं त्याच्या मनात नव्हतं. पंगत थांबली होती.

अप्पा तुपाची वाटी घेऊन वाढत येत होते. सौमित्रच्या पानापाशी आले, तेव्हा त्यानं वर पाहिलं. डोळे भरले होते त्याचे. चोरून विचारावं तसं त्यानं हळूच विचारलं.

"सर, हे सगळं उद्या दिल्यावर... मी मोडलो तर?"

अप्पांनी त्याच्या हुग्गीवर तुपाची धार सोडली. दस्तगीरकडं पाहिलं. बॅगेकडं पाहिलं.

"सौमित्र," ते म्हणाले, "जरा सरक."